चांदीचं अंगुस्तान, बर्मिंगहॅम, १८५४

९ जानेवारी

आज डेस्मंड यार्नोल्ड यांच्या गाळ्यावरचा पहिला दिवस. लिलावघरातली नोकरी सोडल्याला आठवडा झाला आणि अजून एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढे कधी झालाच, तर आज काय वाटत होतं ते तरी वाचता येईल.

लिलावघरात मी वर्षानुवर्षं चांदीच्या याद्या लिहिल्या. चहाचे संच आणि मेणबत्त्यांच्या बैठका पहिल्या पानांवर. शिवणाची चांदी कायम शेवटी, 'इतर किरकोळ' या मथळ्याखाली: अंगुस्तानं, म्हणजे शिवताना बोटावर घालायच्या टोप्या, सुयांच्या डब्या, नाडी ओवायच्या सुया, बोटभर कात्र्या. बायकांच्या हातातल्या वस्तू म्हणून किरकोळ. डेस्मंड यांनी आयुष्यभर तेवढंच विकलं. शिवणाच्या चांदीतलं मला जे काही येतं, ते लिलावघरात असताना जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गाळ्यावर उभी राहून शिकलेलं आहे. आता ते एक्याऐंशीचे आहेत आणि त्यांनी मला भागीदारीत घेतलंय.

सकाळी कोट काढायच्या आत त्यांनी मखमलीचा ट्रे पुढे सरकवला.

"काय दिसतंय सांग, पोरी."

"कशावर?"

"सगळ्यांवर. डावीकडून."

मी भिंग लावून एकेक वाचत गेले. ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते आणि प्रत्येक नगावरून अंगठा फिरवून बाजूला ठेवत होते. मी एकदाही चुकले नाही. म्हणजे त्यांनी एकदाही टोकलं नाही, म्हणजे तेच.

दुपारी एक बाई आल्या. आजीचं अंगुस्तान खरं चांदीचं आहे का, हे त्यांना हवं होतं. मी त्यांना छाप दाखवले. चालता सिंह म्हणजे चांदी अस्सल. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली. अक्षर म्हणजे साल, आणि ही दोन आद्याक्षरं करणाऱ्याची. बाई म्हणाल्या, इथून समुद्र किती लांब, आणि नांगर कसला? आम्हा इथल्यांना असा प्रश्न पडत नाही. नांगर आईच्या चमच्यांवर होता, शाळेतल्या बक्षिसाच्या कपावर होता. माझी लग्नाची अंगठी आता ड्रॉवरमध्ये पडून असते, तिच्यावरही आहे. डोळे मिटून ओळखेन मी तो.

कुलूप लावताना डेस्मंड यांनी अट सांगितली. एप्रिलमध्ये जुन्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन असतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तपासणी समिती सगळ्यांना हॉलबाहेर काढते आणि प्रत्येक टेबलावरचा प्रत्येक नग बघते. ज्याच्यापुढचा माहितीचा फलक चुकीचा, तो नग उचलून नेतात. डेस्मंड यांचा नग आजवर कधी उचललेला नाही. त्यांची मुलगी लॉर्ना डेव्हनला असते आणि तिला वडील जवळ हवेत. दोघांत करार झालाय: ज्या वर्षी समिती एक जरी नग उचलेल, त्या वर्षी गाळा बंद आणि ते डेव्हनला.

"तुझी नोकरी अजून भरली नसेल त्यांनी," ते म्हणाले. "परत जायचं तर जा. मी रागावणार नाही."

"तुमचा नग उचलायला आधी त्यांना नवी समिती शोधावी लागेल."

"भाषण लिलावघरात शिकलीस वाटतं."

"तिथे दुसरं होतं काय शिकण्यासारखं?"

२१ जानेवारी

डेस्मंड यांनी गाडी विकली. विमा परवडत नाही म्हणे. एवढी चांदी विकणारा माणूस विम्यासाठी रडतो. म्हातारपणी माणसं चिक्कू होतात, माझे वडीलही झाले होते. आता मीच त्यांना सकाळी घरून घेते आणि संध्याकाळी सोडते. मला बरंच वाटतं. गाडीत ते जुन्या कारागिरांच्या गोष्टी सांगतात, कोणाचा साचा कुठे तुटला आणि कोणाची विधवा कारखाना नवऱ्यापेक्षा बरा चालवायची.

फलकही आता मी लिहिते. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," ते म्हणाले, "तुझं बघून गिऱ्हाइकाला खरं वाटेल." लिहून झालं की प्रत्येक फलक माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात. मला शाळेतल्यासारखं वाटतं, पण चुका नसतात, त्यामुळे वाईट वाटत नाही.

६ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

ब्यूडलीच्या एका घरातून बिस्किटांचा जुना डबा घेतला होता. बटणं, आकडे, मापाची तुटकी फीत. तळाशी एक अंगुस्तान, काळं पडलेलं. मी ते नुसतं पुसलं, घासलं नाही. घासून घासूनच लोकांनी निम्म्या देशाचे छाप घालवले आहेत. भिंगाखाली धरलं. सिंह. नांगर. आणि मोठं F. बर्मिंगहॅमच्या तक्त्यात तसलं F म्हणजे १८५४. त्या काळी एवढ्या हलक्या वस्तूंना छापाची सक्ती नव्हती, बहुतेक अंगुस्तानं बिनछापाचीच असत. साल लिहिलेलं एवढं जुनं अंगुस्तान मी लिलावघरातसुद्धा कधी हातात धरलं नव्हतं.

डेस्मंड यांनी ते घेतलं, अंगठा फिरवला, आत बोट घालून फिरवलं, पुन्हा अंगठा.

"तरुण आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"हे. तू सांगतेस त्यापेक्षा पन्नासएक वर्षांनी. काठ कसा गोल वळवलाय बघ. आणि हे खळगे, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे रांगेत आहेत."

"तुमच्या अंगठ्याला काहीही वाटू दे. अक्षर F आहे."

"नांगर आहे?"

"आहे."

"स्वच्छ?"

"घासलेला. पण मधली उभी दांडी दिसते आणि दोन्ही बाजूंचे बाक दिसतात."

"राणीचं डोकं?"

त्या काळात कर भरल्याची खूण म्हणून राणीचं डोकं उमटवत. ते मला दिसलं नव्हतं.

"ते गेलंय."

"सिंह राहिला, नांगर राहिला आणि राणीचंच डोकं गेलं?"

"डोकी जायची सवय आपल्या राजघराण्याला जुनीच आहे."

ते इतके हसले की खोकला लागला. मी पाणी दिलं. मग बराच वेळ ते अंगुस्तान बोटात घालून बसले होते.

"तुला दिसतंय ना?"

"मला दिसतंय."

"मग तसंच लिही."

आणि मी लिहिलं. डेस्मंड यार्नोल्ड यांच्या अंगठ्याविरुद्ध कोणी जिंकल्याचं मी ऐकलेलं नाही. घरी येऊन स्वतःसाठी मटार-बटाट्याचा मोठा बेत केला आणि एकटीने टेबल मांडून जेवले. प्रदर्शनात हे अंगुस्तान मधोमध ठेवायचं. पहिल्याच वर्षी मी त्यांना असं काही मिळवून दिलं याचा फार आनंद आहे. घटस्फोटानंतर कोणाला काही मिळवून दिल्याचं समाधान मला वाटलेलं नव्हतं, हेही खरं आहे.

१९ फेब्रुवारी

डेस्मंड अजून त्या वादावरून घुश्शात आहेत. सकाळी त्यांना गाळ्यावर सोडून मी बेकरीत गेले; बाहेर पडले, तर ते समोरून येत होते. मी हात केला. ते माझ्यापासून हातभर अंतरावरून सरळ निघून गेले, मान वळवली नाही. एवढा मोठा माणूस आणि इतका हळवा. परत आत जाऊन त्यांना आवडतं ते ब्रेड पुडिंग घेतलं आणि गाळ्यावर त्यांच्यापुढे ठेवलं.

"रागावलात माझ्यावर?"

"कशावरून?"

"मघाशी रस्त्यात बघितलं नाहीत माझ्याकडे."

"हां," ते म्हणाले. मग पुडिंगचा कागद हाताने चाचपून उघडला. "थोडासा रागावलो होतो. आता नाही."

मनातलं पटकन कबूल करणारी माणसं मला आवडतात.

११ मार्च

राणीच्या डोक्याने आज पुन्हा डोकं वर काढलं. काही कारण नाही, केस धुताना आठवलं. बाकी छाप टिकतात आणि तेवढंच जातं, हे जरा विचित्र आहे खरं. गाळ्यावर जाऊन अंगुस्तान पुन्हा काढलं. दिव्याखाली, खिडकीपाशी, तिरकं धरून, फुंकर मारून वाफेखाली, सगळ्या तऱ्हांनी बघितलं. दर वेळी नांगर. एकदा दिसला की तो दिसतच राहतो. तेव्हा आता हा विषय बंद.

दुपारी लॉर्नाचा फोन आला. तिला डेस्मंड नको होते, मी हवी होते.

"बाबा जिने नीट उतरतात का?"

"माझ्यापेक्षा नीट. कठडा धरून, एकेक पायरी."

"आधी दोन-दोन पायऱ्या उतरायचे," ती म्हणाली. "वाचतात का काही?"

"पेपर रोज हातात असतो."

"हातात," लॉर्ना म्हणाली. मग म्हणाली, "हे बघा, ब्रायनी, मी दुष्ट नाही. आई गेल्यापासून ते एकटे आहेत. माझ्याकडे खालच्या मजल्यावर खोली तयार आहे, बागेकडे दार आहे. पण गाळा आहे तोवर ते येणार नाहीत, आणि चूक होत नाही तोवर गाळा आहे."

"चूक होणार नाही," मी म्हटलं.

"तेच तर," ती म्हणाली.

मला ती आवडली. फक्त तिचे वडील अजून किती तल्लख आहेत याची तिला कल्पना नाही. रोज माझी परीक्षा घेतात, अजूनही, एक दिवस चुकवत नाहीत.

१८ एप्रिल, दुपार, गाडीत

आम्हा सगळ्यांना हॉलबाहेर काढलंय. आत समिती आहे. बाहेर आवारात सगळे व्यापारी आपापल्या गाड्यांना टेकून चहा पितायत आणि बेफिकीर असल्याचं नाटक करतायत. घड्याळवाला हॉब्सन सकाळपासून चौथं सँडविच खातोय. दर वर्षी त्याचं काही ना काही उचलतात आणि दर वर्षी तो समितीला आंधळी म्हणतो.

डेस्मंड शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसलेत. मांडीवर जेवणासाठी आणलेला पोर्क पाय, मांस भरलेली पेस्ट्री, तसाच आहे.

मघाशी म्हणाले, "ते अंगुस्तान. आत जाऊन काढून आणता येईल का अजून?"

"का?"

"उगाच."

"आता दार बंद झालंय. आणि का काढायचं? आपल्या टेबलावरचं सगळ्यात चांगलं तेच आहे."

"बरं बरं."

तपासणीच्या दिवशी एवढी वर्षं झाली तरी माणूस घाबरतो, हे बघून माया वाटली. त्यांचा हात थोपटला.

१८ एप्रिल, संध्याकाळ

उचललं.

टेबलावर मधोमध मखमलीत खळगा होता आणि त्यात चिठ्ठी. मी ती तिथेच वाचून दाखवली, रागाने, शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल अशी. 'चेस्टर. १९०६. फलक चुकीचा.' खाली ऑड्रे फिंचम यांची सही. फिंचम बाई समितीच्या प्रमुख.

डेस्मंड यांनी तो खळगा बोटांनी चाचपला. "बरं," म्हणाले.

"बरं काय? अपील करायचं."

"नको, पोरी."

"तुमचं नाव आहे त्या टेबलावर."

"म्हणूनच नको म्हणतोय."

मी ऐकलं नाही. लॉर्नाचा करार माझ्या डोक्यात घण घालत होता. शिवाय मी बरोबर होते. या दोन्ही गोष्टी एकदम असल्या की माणूस काय ऐकणार? मी त्यांना घेऊन निघाले. गर्दीतून जाताना त्यांनी माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. मला वाटलं, मला मागे खेचतायत.

फिंचम बाई हॉलच्या टोकाला दिव्याखाली बसल्या होत्या, साखळीचा चष्मा नाकावर, बाजूला समितीचे आणखी तिघं.

"डेस्मंड, तुम्ही आणि अपील?" त्या म्हणाल्या. "चिठ्ठी लिहिताना मी फलक पुन्हा वाचला. मला वाटलं, फलकांची अदलाबदल झाली असेल."

"नांगर आहे त्याच्यावर," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारत. यांना विचारते." त्यांनी अंगुस्तान आणि भिंग डेस्मंड यांच्या हातात दिलं, दिवा जवळ ओढला. "तुम्ही बघा आणि मला सांगा, नांगर आहे. मी दुसऱ्यांदा बघणारसुद्धा नाही, लगेच परत देते."

डेस्मंड यांनी भिंग डोळ्याला लावलं, ते लावतात तसंच, कोपर बरगडीला टेकवून. अंगुस्तान दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून भिंगाखाली आणलं. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. भिंगाखाली कोरी बाजू होती. छाप त्यांच्या अंगठ्याखाली होते.

ते बघत राहिले. अंगुस्तान फिरवलं नाही.

"हं," ते म्हणाले.

ट्रे. फलक. गाडी. बेकरीसमोरचा रस्ता. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं, आणि त्यातलं एकही मला कोणी सांगितलेलं नव्हतं, सगळं मी स्वतः बघितलेलं होतं. माझ्याच अक्षरात या वहीत आहे.

"फिंचम बाई," मी म्हटलं, "अपील मागे घेते. फलक मी लिहिलाय. मिस्टर यार्नोल्ड पहिल्याच दिवशी म्हणाले होते की हे पन्नास वर्षांनी तरुण आहे. मी ऐकलं नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग डेस्मंड यांच्याकडे, बराच वेळ.

"मग त्यांनी ऐकवायचं होतं."

"मी फार मोठ्याने बोलते."

मागून कोणीतरी हसलं. बहुतेक हॉब्सन. बाईंनी डेस्मंड यांच्या हातातून भिंग अलगद काढून माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही बघा. फक्त बघा."

मी बघितलं. मधली उभी दांडी म्हणजे तलवार होती. बाजूचे बाक म्हणजे गव्हाच्या पेंढ्या. चेस्टर शहराचा छाप, लिलावघरात पोत्याने बघितलेला, आणि तिथल्या तक्त्यात F म्हणजे १९०६. राणीचं डोकं घासून गेलेलं नव्हतं. १९०६ मध्ये ते उमटवतच नव्हते. आता कितीही प्रयत्न केला तरी मला नांगर दिसेना. इतके दिवस तो मीच तिथे ठेवला होता.

आम्ही निघालो तेव्हा फिंचम बाईंनी डेस्मंड यांच्या वाटेतली खुर्ची पायाने हळूच बाजूला सारली. त्यांना काही कळलं नसावं.

टेबलामागे दोन घडीच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून. त्याच्या आधीही थोडं होतंच. मधोमध धुकं आहे. कडेकडेने बरं दिसतं. तुझा एक कान दिसतोय आत्ता."

"मला वाटायचं तुम्ही माझी परीक्षा घेताय."

"तुला आवडत होती ती," ते म्हणाले.

मी रिकाम्या खळग्याची मखमल सारखी केली.

"तुमचा अंगठा बरोबर होता," मी म्हटलं. "मग का ऐकलंत माझं?"

"आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, अंदाज खिशात ठेवा आणि छाप वाचा. मला वाचता येत होतं तोवर हे सांगणं सोपं होतं. आता वाचणारी तू. मग तुझं नको ऐकायला?"

"मी लॉर्नाला सांगते, चूक माझी आहे."

"सांग. ती विचारेल, फलक तू का लिहिलास."

खरंच, वाट नव्हती. चूक त्यांची म्हणावी तर ते थकले, माझी म्हणावी तर त्यांना दिसत नाही.

"करार नगाचा होता," डेस्मंड म्हणाले. "चूक कोणाची, याचा नव्हता. नग गेला." मग त्यांनी कागद चाचपून पोर्क पाय काढला, अर्धा मोडून मला दिला. "खा. तू सकाळपासून उपाशी आहेस. एवढं अजून दिसतं मला."

२२ एप्रिल

लॉर्ना आली. उंच, केस आखूड, हात डेस्मंड यांच्यासारखे. त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. ते स्वतःच सगळं सांगत गेले, डोळ्यांचं आधी, अंगुस्तानाचं नंतर. तिने चहाला हातही लावला नाही. चहावर साय धरली.

मग म्हणाली, "गाडी चालवत होतात तेव्हाही?"

"शेवटचा महिना. हळू चालवायचो."

"हळू," ती म्हणाली. उठून उभी राहिली, कपाटाकडे गेली, काहीच न घेता परत आली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्हाला कळलं नाही? रोज शेजारी बसून?"

मी नाही म्हटलं. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, आणि इथेही लिहिता येत नाही. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान छाप वाचण्याचे मला पैसे मिळतात.

"मलाही नाही कळलं," लॉर्ना म्हणाली. "मला संशय होता फक्त. संशय असला की फोन करायचा आणि नसला की यायचं, असं काहीतरी चाललं होतं माझं."

"मी येतो," डेस्मंड म्हणाले. "कबूल केलंय ते केलंय. बागेतलं काही उपटायला लावू नकोस, म्हणजे झालं."

"तुम्ही फुलं उपटाल आणि तण ठेवाल."

"तण कळतं हाताला. फुलांचं सांगता येत नाही."

तेव्हा मी बोलले. ठरवून गेले नव्हते. म्हटलं, गाळा त्यांच्या नावाचा बंद होऊ दे, मी माझ्या नावाने घेते. पण मला ते हवेत. दया म्हणून नाही. काठ कसा वळलाय, चांदी कुठे पातळ झालीये, हे मला भिंगातून दिसत नाही, आणि मी अशी आहे की मला जे दिसेल अशी अपेक्षा असते तेच दिसतं. महिन्याकाठी पार्सल पाठवीन. त्यांनी हात लावून परत पाठवायचं.

"त्यांना विश्रांती हवी," लॉर्ना म्हणाली.

"कोणी सांगितलं?" डेस्मंड म्हणाले.

बाप-लेकीत बरीच घासाघीस झाली. डेस्मंड यांचं म्हणणं रोज सकाळी फोन, तिचं म्हणणं महिन्यातून एकदा. शेवटी रविवार ठरला, जेवण झाल्यावर, चहाच्या वेळेपर्यंत. आणि पार्सल उघडायला लॉर्ना हवी. तिच्या अटी: पार्सलमधले डबे आणि पिना तीच काढणार, कात्र्या पाठवायच्याच नाहीत. कात्र्यांवर डेस्मंड अडून बसले आणि जिंकले.

५ मे

डेस्मंड गेले. सामान दोन बॅगा आणि एक भिंग. भिंग कशाला, असं मी विचारलं नाही.

गाळ्यावरच्या पाटीवर आता माझं नाव आहे. ब्रायनी ट्रँटर, शिवणाची चांदी. लिलावघरातल्या जुन्या साहेबांनी ऐकलं आणि निरोप धाडला की माझी जागा रिकामी आहे. प्रदर्शनातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असणारच, एवढ्याशा धंद्यात किती माणसं आहेत? मी 'नाही' असं कळवलं. भीती वाटते का, असं स्वतःला विचारलं. वाटते. पण जाणार नाही.

चेस्टरचं अंगुस्तान दुसऱ्या फलकासह परत टेबलावर ठेवलं होतं, ते दुपारी गेलं. एका मुलीने घेतलं, वापरायला. तिला साल विचारावंसंही वाटलं नाही. बोटात नीट बसलं म्हणून घेतलं.

नवा नियम केलाय. कुठल्याही नगावर त्यांनी आपलं मत मला आधी सांगायचं नाही, मी त्यांना नाही. दोघांचं ठरल्याशिवाय फलक लिहायचा नाही.

२२ जून

काल सकाळी डेव्हनहून पार्सल परत आलं, लॉर्नाच्या नीटस गाठी मारलेलं. आज रविवार, दुपारी फोन.

"बाग कशी आहे?"

"हिरवी असावी," डेस्मंड म्हणाले. "लॉर्नाने मला वाटाणे सोलायला बसवलंय. म्हणते, तुम्हाला बोटांचं काम आवडतं ना? तू हसू नकोस. पार्सल उघडलंस?"

"उघडलं."

एकेक नग घेत गेलो. कात्रीवर जमलं. एका अंगुस्तानावर मी डाग म्हणाले, ते म्हणाले ते बुजवलेलं भोक आहे. मी त्यावर वाफ सोडली आणि डाख देऊन जोडल्याची कड खरंच दिसली. एका फितीवर ते चुकले आणि दोनदा म्हणाले की डेव्हनची हवा दमट आहे.

मग सुयांची डबी राहिली. लांबट, करंगळीएवढी, दोन टोकांना झिजलेली. हिच्यावर आम्ही दोघंही आठवडाभर बसून होतो, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"तुमचा अंगठा काय म्हणतो?" मी विचारलं.

"माझं आधी सांगायचं नाही, नियम तूच केलास. आधी तू. छाप कुठे आहेत?"

"झाकणाच्या आत. चार."

"चार?" खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तिकडे मागे लॉर्ना काहीतरी म्हणाली, ते तिला गप्प म्हणाले. "बोल. नांगर आहे?"

मी डबी खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावलं, आणि 'आहे' जिभेवर आलं होतं ते मागे घेतलं.

"एक उभी रेघ आहे," मी म्हटलं. "वरच्या टोकाला आडवी काहीतरी, बारीक. खाली दोन्हीकडे वर वळलेली. उजवीकडची पूर्ण आहे, डावीकडची निम्मी. नांगर म्हणत नाही अजून."